सहाशे अकरा हरकती

४ फेब्रुवारी

तळं बुजवणार! आमच्या सीवूड्सच्या सोसायटीसमोरचं. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठायला म्हणून राखून ठेवलेलं. पेपरच्या कोपऱ्यात एवढीशी नोटीस — जागेचं आरक्षण बदलून तिथे टॉवर होणार. हरकती द्यायला तीस दिवस. विलास म्हणाला, "तू लिहिलंस म्हणून थांबणारेत का ते?" नवरा आहे की बिल्डरचा वकील!

९ फेब्रुवारी

सोसायटीची मीटिंग. दीड तास पार्किंगवर, सात मिनिटं तळ्यावर. चौथ्या मजल्यावरचे हौसेराव म्हणतात, "मॅडम, टॉवर झाला तर मच्छर तरी जातील." मी कपाळाला हात लावला.

शेवटी बी-विंगच्या प्राचीने तोडगा काढला. एकच फॉरमॅट, झेरॉक्स काढायच्या, खाली नाव, फ्लॅट नंबर, सही. आमच्याकडे भाडेकरू ठेवायला फॉरमॅट, बाथरूमची फरशी बदलायलासुद्धा फॉरमॅट. मग याला का नको?

१६ फेब्रुवारी

करावे गावातून सुंदराबाई मासळी घेऊन आल्या. त्यांना विचारलं, तळं बुजवलं तर काय होईल हो?

"पानी जाईल कुटं गो बाय? तुमच्याच घरान येल."

आम्ही तळमजल्यावर राहतो.

२ मार्च

सहाशे अकरा सह्या! आजूबाजूच्या तीन सोसायट्या धरून. जिने चढून माझ्या गुडघ्यांचं भजं झालं. एकाने तर लिफ्ट बंद असल्याची तक्रार त्यातच लिहून दिली. गठ्ठा नगररचना कार्यालयात जमा केला, पोच घेतली.

१९ मार्च

सुनावणी. साहेबांनी गठ्ठा चाळला. "मजकूर सगळा सेम आहे ना मॅडम? मग ही एकच हरकत धरलीय."

सहाशे अकरा माणसं — एक! प्राची भांडायला उठली, तर म्हणाले, "आपापल्या शब्दांत लिहायचं होतं." कुठे छापलं होतं तसं? कोणी सांगितलं होतं? संताप संताप झाला. आणि सर्वात जास्त स्वतःचा. एवढी शिकलेली माणसं आम्ही, दोन ओळी कुणाला स्वतःच्या लिहिता आल्या नाहीत.

विलासने पोहे केले होते. मी खाल्लेच नाहीत.

२१ मार्च

प्राचीने कार्यालयाचा कागद पाठवला. आमच्या भागातून आलेले अर्ज — दोन. एक आमची हरकत. दुसरा प्रकल्पाच्या बाजूने. हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहिलेला, म्हणून वेगळा धरलाय. सही विलासची.

"आमचा मुलगा वरद पुण्याला असतो. इथे जवळ घर मिळत नाही म्हणून येत नाही. समोर घरं झाली तर येईल. आम्ही दोघंच असतो."

मघापासून वाचतेय. यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही.