दारातच बंद पडली तर

ठमे,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. गाडी बंद पडल्यावर मदतीला येणाऱ्यांचा नंबर फ्रिजवर लावलाय. तू सांगितलेली स्वस्तातली योजना मी घेतली नाही. लगेच तोंड वाकडं करू नकोस. तिच्यात गाडी घराच्या दारात बंद पडली तर कुणी येत नाही. वर तो विकणारा मलाच सांगतो, "काका, घरी धक्का मारायला कुणीतरी असतंच की!" मी मुकाट्याने महागातली घेतली.

डॉक्टरांकडे जाऊन येतो. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त जड ढकलायचं नाही म्हणालेत. तेव्हा यापुढे सकाळी आपली म्हातारी गाडी रुसली तर फ्रिजवरच्या नंबरलाच फोन कर. मला हाक मारू नकोस. मारलीस तर मी येईनच.

बाबा