ढोलाची पाळी

घोलवड, रविवार

चि. सौ. मनोरमेस,

तुझ्या जुन्या शेजारणीचे, वसुमतीचे, मनापासून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? यजमानांचा खोकला? त्यांच्या भुसावळच्या बदलीचा कागद ज्याने काढला त्याला मी अजून आंघोळ करताना शिव्या घालते (देव ऐकत नसतो तेवढ्यात). इथे सगळे खुशाल, चिकू यंदा साखरेसारखे.

आपला पटावरचा वाघाचा खेळ चालू आहे गो. नातू एकनाथ, ज्याने तो लहानपणी शोधून काढला (आता मिशा फुटल्यात), अजून वाघच होतो. लेक प्रल्हाद शिकारी, मी वैदू, आणि तुझा ढोल सूनबाईकडे, म्हणजे वासंतीकडे. पाळ्या कवड्या टाकूनच लागतात. पण ढोल वाजला की वाघ मान वळवतो आणि तेवढ्यातच गोळी लागते, हे तिच्या ध्यानात येईना. पाळी आली की लगेच ढोल, जसं काही चुलीवर दूध उतू जातंय! मग मध्येच वाघाची पाळी येते, तो ढोल विसरतो आणि प्रल्हादला चावतो. मलम लावून लावून मी दमले. (तिकिटाच्या खिडकीत कुणाचं न ऐकणारा माझा लेक दर रविवारी आडवा.)

शेवटी मीच अक्कल शिकवली, पाळी आली म्हणून खेळलंच पाहिजे असं नाही, "थांबते" म्हणावं आणि वेळ साधावी. झालं! सूनबाई म्हणाली, "थांबते. अहो, तुम्ही बंदूक उचला, मग वाजवते." प्रल्हाद म्हणाला, "तू वाजव, मग उचलतो. थांबतो." कुणी पडल्याशिवाय मी मलम लावू कुणाला? मीही थांबले. तर एकनाथ म्हणतो, "आजी, वाघपण थांबतो!" चौघं पटाभोवती फोटोला बसल्यासारखी, कुणी हलेना. आत भात करपला तरी उठायची पाळी कुणाची, यावर वाद!

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते येतच राहिलं. तू कधी थांबते म्हणालीस का? नुसता पदर खोचायचीस, की आता ढोल वाजणार हे प्रल्हादला कळायचं.

मुलांना पापे.

तुझी वसुमतीकाकू

ता. क. वाघ तसाच उभा आहे. ढोल कधी वाजवायचा ते कार्डाने कळव, तेवढ्यासाठीच हे पत्र.

पुन्हा ता. क. कार्ड नको. यजमानांना रेल्वेचा पास काढायला सांग आणि ये. खेळायला नको, नुसती ओटीवर माझ्याजवळ बस.