गैरहजर उद्घाटक

ताडकळस
१८ नोव्हेंबर २०२४

चि. पंकजा हीस आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वसतिगृहात मोबाइल चालत नाही, म्हणून हा कागद. तुमच्या शाळेच्या 'दवंडी' या पेपराचा अंक टपालानं मिळाला. पहिल्याच पानावर तुझं नाव, आणि त्याखाली माझं! "ताडकळसचे जुने कबड्डीपटू आश्रुबा पौळ यांच्या हस्ते श्रीफळ वाढवून मुलींच्या कबड्डी मैदानाचे उद्घाटन." मी वाचलं, मग तुझ्या आजीला वाचून दाखवलं, मग ती म्हणाली म्हणून परत वाचलं.

आता आपल्या दोघांतली गोष्ट. त्या दिवशी कापूस वेचायला बाया अचानक मिळाल्या, आणि वेचणीत मिळालेल्या बाया सोडून कुणी गावाला जात नसतं. म्हणून मी जिंतूरला आलो नाही. पण तुझ्या बातमीत मी आलो, नारळ फोडला, मुलींना दोन शब्द मार्गदर्शनही केलं. घरी बसून एवढं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

बाजारच्या दिवशी अंक खिशात घालून नेला. सटवाजीला मुद्दाम दाखवला. तो जन्मभर माझ्या विरुद्ध खेळलेला माणूस, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नात पत्रकार झाली म्हणून सगळ्यांना चहा पाजला. जेवणाची हेळसांड करू नको.

मायेचा,
आबा

जिंतूर
२३ नोव्हेंबर २०२४

ती. आबांना पंकजाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग खरं काय ते लिहायला बसले. आबा, ती बातमी मी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळीच लिहिली होती. झेरॉक्सचं दुकान दुसऱ्या दिवशी बंद राहणार होतं. निमंत्रणपत्रिकेवर तुमचं नाव होतं, त्यावरून उतरवलं. "कार्यक्रम उत्साहात पार पडला" हेसुद्धा आधीच लिहून टाकलं. सगळे असंच करतात, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तुमची लय वाट पाहिली. शेवटी मोठ्या बाईंनी तानुबाई मावशींना बोलावलं. त्या आमची खिचडी शिजवतात. या पोरींना रोज तुम्ही खाऊ घालता, तर नारळ तुम्हीच फोडा, असं बाई म्हणाल्या. मावशींनी पदराला हात पुसले आणि एका दणक्यात नारळ फोडला. आम्ही इतक्या ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

मग अंक वाटले गेले. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी एक अंक मागून घेतला आणि आपली बातमी वाचून दाखव म्हणाल्या. मी वाचायला लागले आणि तुमच्या नावापाशी आले. तिथून मागं फिरता येईना. मावशी एवढंच म्हणाल्या, की बरं झालं बाई, मोठ्या माणसाचं नाव आलं, माझ्या नावाची बातमी कुणी वाचली असती? आणि अंक मला परत देऊन चुलीकडे गेल्या. आबा, त्यांनी तो अंक नेलाच नाही.

म्हणून मी दुरुस्ती लिहिली आहे. 'दवंडी' बघणारे नागसेन सर म्हणतात, चूक पहिल्या पानावर झाली तर दुरुस्तीही पहिल्याच पानावर. त्यात तुमचं नाव येईल, आणि तुम्ही हजर नव्हता हेही येईल. सर म्हणाले, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मी परवानगी मागत नाही, पण छापण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं असं वाटलं. आजीला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
पंकजा

ताडकळस
२७ नोव्हेंबर २०२४

चि. पंकजा हीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हे काय नवीन काढलंस? मी न गेलेल्या किती कार्यक्रमांच्या बातम्यांत "यावेळी उपस्थित होते" म्हणून माझं नाव आलंय. कुणाचं काय बिघडलं? तानुबाईचं नाव पुढच्या अंकात घाल, तिचा सत्कार कर, माझी हरकत नाही. पण मी नव्हतो हे कशाला सांगायचं? सारा बाजार मला हसेल. सटवाजीला तर मरेपर्यंत पुरेल. पोरी, घरचं माणूस आधी का पेपर आधी?

तुझी आजी म्हणते माझं चुकतंय. तिला मी विचारलं नव्हतं.

आबा

जिंतूर
५ डिसेंबर २०२४

ती. आबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उशीखाली ठेवून झोपले, पण झोप आली नाही. तरीही दुरुस्ती छापली. अंक सोबत पाठवते. त्यात लिहिलंय: "मागील अंकात मैदानाचे उद्घाटन श्री. आश्रुबा पौळ यांनी केल्याचे छापले होते. ते खरे नाही. ते हजर नव्हते. उद्घाटन तानुबाई यांनी केले. कार्यक्रम न बघता बातमी लिहिली, ही चूक माझी. - पंकजा पौळ, इयत्ता नववी."

तुम्ही विचारलंत, घरचं माणूस आधी का पेपर. आबा, तुम्ही जे केलंच नाही ते तुमच्या नावावर छापलं, तेव्हाच मी घरच्या माणसाचं हसं केलं. तुमच्या नावाला उसनं काही लागत नाही.

मावशींना दुरुस्ती वाचून दाखवली. परत वाच म्हणाल्या. मग अंक नीट घडी घालून घरी नेला.

चार ओळी लिहा. शिव्या दिल्यात तरी चालतील, पण गप्प बसू नका.

तुमचीच,
पंकजा

ताडकळस
१३ डिसेंबर २०२४

चि. पंकजा हीस आबाचे पोटभर आशीर्वाद.

दोन दिवस तुझा अंक मी फळीवर टाकून ठेवला. मग बाजारच्या दिवशी हाही अंक खिशात घातला. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सटवाजीला वाचून दाखवला. तो मांडीवर थाप मारून हसला. चार माणसं गोळा झाली, तीही हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार? मग त्यानं विचारलं, हे लिहिलं कुणी. मी म्हणालो, माझ्या नातीनंच. तसा त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, जी पोरगी आपल्या आबाला सोडत न्हाई, ती कुणालाच सोडणार न्हाई. आश्रुबा, लय मोठी झाली रं तुझी नात.

सामने जिंकले तेव्हाही माझी छाती एवढी फुगली नव्हती. अभिमान वाटतो, असं मी तुझ्या बापाला कधी लिहिलं नाही, आणि त्याचं मला आता वाईट वाटतं. तुला लिहितो. मला तुझा अभिमान वाटतो, पंकजा. माझं नाव कापलंस म्हणून जास्तच वाटतो.

वेचणी उरकली आहे. पुढच्या आठवड्यात मैदान बघायला आणि तानुबाईंना नमस्कार करायला आजीला घेऊन येतोय. पत्रिका, हार, खुर्ची काही नको. बातमी लिहायचीच असेल तर खुशाल लिही, पण मी येऊन गेल्यावर.

तुझा,
आबा