बोटीखालची चोवीस फूट जागा

मी, व्हर्लिन ओटो डेटमर, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणे, सध्याचा काही नाही, राहणार टॅमरॅक फॉल्स, विस्कॉन्सिन, हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय, आणि तेही झडपेपाशी. मेकॅनिक असल्यामुळे ते मला डॉक्टरांच्या आधी कळले होते. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. माझा शेजारी ऑरिन साथर याने तर "कशाला लिहितोस, अजून दहा वर्षं जगशील" असेच सांगितले, म्हणून मी त्याच दिवशी लिहायला बसलो.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ऑरिनचे नाव एकदाच आले होते आणि ते चांगल्या कारणासाठी नव्हते.

कलम १. माझे राहते घर, बँकेतील शिल्लक आणि पिकअप गाडी माझी एकुलती एक मुलगी जॅनेल हिला मिळावी. ती मिलवॉकीला राहते आणि घर विकणार आहे. हे तिने मला तोंडावर सांगितले, त्याबद्दल मला तिचे कौतुक आहे.

"बाबा, खोटं कशाला बोलू? मी काही इथे राहायला येणार नाही."

"विक की. मागचं कोंबड्यांचं अंगण सोडून विक."

"अरे, पण कोंबड्यांचं अंगण बघून कोण घर घेईल? येणारा माणूस पहिल्या दिवशी ती जाळी उपटून हिरवळ लावेल."

ती बरोबर बोलत होती. म्हणून पुढचे कलम.

कलम २. परसदारी कुंपणालगत असलेली, लांबी चोवीस फूट व रुंदी दहा फूट एवढी जमीन, तिच्यावरील जाळी, छत, फाटक व खुराडे यांसह, घरापासून वेगळी काढून शेजारी ऑरिन साथर याच्या नावे करावी. मोजणीदाराने खुंट्या ठोकल्या आहेत. माझ्या पत्नीच्या, कै. आर्डिथ डेटमर हिच्या, हयात असलेल्या तीन कोंबड्या, नावे डॉटी, ल्यूसिल आणि जज, याही त्यालाच मिळाव्यात. (जज ही कोंबडीच आहे. एका डोळ्याने मान वाकडी करून बघते, म्हणून आर्डिथने ते नाव ठेवले. त्या नजरेपुढे मी कधीच निर्दोष सुटलो नाही.)

हे कलम लिहिताना माझ्या पोटात दुखते आहे. ज्या माणसाचा मी सात वर्षे हेवा केला, त्याला माझ्या बायकोच्या कोंबड्या, माझी जमीन आणि माझ्या पश्चातल्या सगळ्या दुपारी आयत्या मिळणार. पण दुसरीकडे कुठे त्या कोंबड्यांना एवढी आणि इतकी सुरक्षित जागा नाही. ती जागा त्यांच्याकडून पुन्हा जाऊ नये, एवढ्यासाठीच हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमे वकिलांच्या समाधानासाठी आहेत.

कलम ३. वरील जमीन रिकामी कशी झाली, याचा खुलासा करणे आवश्यक आहे, कारण जॅनेलला त्यातले अर्धेच माहीत आहे.

त्या जागी माझी बोट होती. सपाट तळाची, चोवीस फुटी, कठडेवाली, वर कापडी छत. बोटीला मी बायकोचे नाव दिले होते आणि तिच्या कठड्यातल्या छोट्या फाटकावर स्वतःच्या हाताने रंगवले होते. सुरुवातीची काही वर्षे आम्ही ती तळ्यात घातली, मग इंजिन गेले. मी आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिने दुरुस्त केली, स्वतःचे "पुढच्या उन्हाळ्यात" करत राहिलो. आर्डिथ म्हणायची, "माझं नाव दिलंस आणि वरून ताडपत्री घातलीस." मी हसायचो. हसण्यासारखे काय होते, हे आता विचारायला ती नाही.

पुढे तिने चार पिल्ले आणली. मी दुकानातून खोक्यातले तयार खुराडे आणून जोडले. खोक्यावर सहा कोंबड्यांचे चित्र होते, म्हणून चौघींना ऐसपैस होईल असे मी गृहीत धरले. ते चित्र काढणाऱ्याने कोंबडी बहुधा ताटातच पाहिलेली असावी. पिल्ले मोठी झाली आणि त्या सहा फूट बाय चार फुटांत एकमेकींची पिसे उपटू लागली. आर्डिथने मला तीन वेळा सांगितले.

"व्हर्लिन, एकेकीला निदान दहा फूट तरी हवेत रे. लांब बाय रुंद धरून दहा. बोट हलव ना."

"बोट कुठे हलवू? डोक्यावर घेऊ?"

"आणि ती षटकोनी भोकांची पातळ जाळी बदल. तिच्यातून कोंबडी बाहेर पडत नाही एवढंच. रात्री कोंबड्या चोरणाऱ्या रकूनचा हात सहज आत जातो."

"तुला सगळ्यात खोटच दिसते."

चौथ्यांदा तिने सांगितले नाही. चारही कोंबड्या टोपलीत घालून ती कुंपणापलीकडे ऑरिनकडे गेली. त्याचे जाळीतले अंगण तीस फूट लांब, बारीक चौकोनी भोकांची जाड जाळी, खाली फूटभर जमिनीत पुरलेली, वर ससाण्याने झडप घालू नये म्हणून जाळीचेच छप्पर. स्वतःची बायको वारल्यावर या माणसाने आपल्या रिकाम्या वेळात एवढे एकच काम केले आणि ते नीट केले. याचाच मला पहिल्यांदा राग आला.

तेव्हापासून रोज तीन वाजता आर्डिथ पलीकडे जाई आणि पाचला येई. जाताना विचारायची, "येतोस? ऑरिन कॉफी करतो." मी म्हणायचो, "कोंबड्यांकडे टक लावून बसायला मला वेळ नाही." आणि दोन तास स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहायचो. बोटीची ताडपत्री आणि शेड यांच्यामधल्या फटीतून मला पलीकडच्या दोन घडीच्या खुर्च्यांच्या पाठी तेवढ्या दिसत. एक हिरवी, एक निळी. हिरव्या खुर्चीवर आर्डिथची पांढरी टोपी दिसायची. निळ्या खुर्चीवर कोण ते दिसत नसे. ऑरिन ठेंगणा आहे, त्याचे डोके पाठीच्या वर येत नसेल, असे मी धरून चाललो. हसण्याचे आवाज मात्र दोघांचे यायचे. माझ्याबरोबर एवढे ती कशावर हसली होती, ते आठवायचा मी प्रयत्न करायचो. सात वर्षे माझ्या अंगाचा असा तिळपापड होत होता, आणि वर ताटात रोज त्याच कोंबड्यांची अंडी येत होती. मी ती खाल्ली. चांगली होती.

कलम ४. माझी सर्व हत्यारे जॅनेलला. अपवाद: जाळी कापायची मोठी कात्री ऑरिनची आहे. ती त्याला मी मेल्यावरच परत करावी, त्याआधी नाही.

कलम ५. जिल्ह्याच्या जत्रेत तपकिरी अंड्यांना मिळालेली पहिल्या नंबरची निळी फीत. तिच्या चिठ्ठीवर "आर्डिथ डेटमर आणि ऑरिन साथर" असे लिहिलेले आहे. अंडी कोंबड्यांनी घातली, कोंबड्या आर्डिथच्या, तरी याचे नाव आले, कारण जागा याची. ती फीत गावातल्या खानावळीत भिंतीवर लावली होती आणि दर शुक्रवारी तळलेला मासा खाताना मला ती वाचावी लागे. ही फीत माझ्या शवपेटीत माझ्या खिशात ठेवावी. चिठ्ठी अशी दुमडावी की पहिलेच नाव दिसेल.

कलम ६. आता जे जॅनेलला माहीत नाही ते.

आर्डिथ गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी ऑरिनच्या दारात गेलो आणि म्हणालो, "माझ्या बायकोच्या कोंबड्या परत दे." त्याने वाद घातला नाही. एवढेच म्हणाला, "ठेवणार कुठे?"

"माझ्या घरी. त्यांच्या घरी."

"बोट आहे ना अजून?"

त्याने चौघी टोपलीत घालून दारातच माझ्या हातात दिल्या. चौघींना आणून पुन्हा त्या खोक्यातल्या खुराड्यात घातले. तिचे काहीतरी माझ्या कुंपणाच्या आत असावे, त्याच्या नाही, एवढेच मला हवे होते. पाच दिवसांत ल्यूसिलची पाठ उघडी पडली. जज जाळीच्या कडेने सकाळपासून संध्याकाळपर्यंत इकडून तिकडे चालायची, वळायची, पुन्हा चालायची. सहाव्या दिवशी सकाळी दाणे घालायला गेलो तर चौथी कोंबडी, पर्ल, जाळीला चिकटून पडली होती. मान नव्हती. जाळी जागच्या जागी होती, कुठे फाटलेली नाही, दार बंद. रकूनने भोकातून हात घातला होता. पर्लला मागे सरकायला जागा नव्हती.

पर्ल माझ्यामुळे मेली. हे मी इथे लिहितो, कारण याच्यावर सही करायची आहे.

मी उरलेल्या तिघींना त्याच टोपलीत घातले आणि सात वर्षांत पहिल्यांदा ऑरिनच्या अंगणात पाऊल टाकले. तीन वाजले होते. दोन्ही खुर्च्या मांडलेल्या होत्या. ऑरिन पालथ्या बादलीवर बसला होता. कोंबड्या सुटल्याबरोबर धुळीत लोळायला गेल्या. मी पर्लचे सांगितले. त्याने कोंबड्यांना मूठभर दाणे टाकले. मग म्हणाला, "बस की."

"तुझ्या खुर्चीवर?"

"माझी कुठली? एवढ्या बुटक्या खुर्चीतून माझ्या गुडघ्यानं उठता येतं का? मी बादलीवाला."

"मग ही निळी कोणाची?"

"तुझी. आर्डिथ रोज घडी उघडून ठेवायची. म्हणायची, आज येईल. पाच वाजले की पुन्हा घडी घालायची."

"सात वर्षं?"

"पावसाचे दिवस सोडून."

"मग तू मला कधी सांगितलंस का नाही, मेल्या?"

"ती म्हणाली, सांगायचं नाही. खुर्चीचं कळल्यामुळे आलास तर काय उपयोग. आणि खरं सांगू, मलाही तू यायला नको होतास. दुपारी बरं चाललं होतं आमचं."

त्याने हे सांगितले नसते तर मी त्याला कधीच माफ केले नसते. मी निळ्या खुर्चीवर बसलो. मागे वळून पाहिले तर माझे घर फटीएवढेच दिसत होते. बाकी सगळी बोट.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी बोट मोडली. तिच्या कठड्यांचे खांब केले, तिचे कापडी छत खुराड्याच्या बाजूला सावलीसाठी लावले, जाड जाळी फूटभर खाली पुरली, आणि कुंपणाच्या सहा फळ्या काढून दोन्ही अंगणे एक केली. बोटीचे फाटक तेच आता अंगणाचे फाटक आहे. नाव तसेच आहे. ताडपत्री मी जाळली.

म्हणून अटी: (अ) मागे जागा आहे म्हणून कोंबड्या वाढवू नयेत. एका कोंबडीला दहा चौरस फूट हा आर्डिथचा हिशेब, तोही कमीत कमी; ऑरिनच्या मते पंधरा चौरस फूट हवेत, त्याचे ऐकावे. (आ) पातळ षटकोनी जाळी या जागेवर पुन्हा कधीही आणू नये. (इ) फाटकाला नवा रंग देऊ नये. (ई) इथे बोट, गाडी, शेड किंवा "तात्पुरते ठेवलेले" काहीही ठेवू नये.

कलम ७. खुर्च्या. हिरवी आर्डिथची, निळी माझी. दोन्ही रोज तीन वाजता उघडून ठेवाव्यात आणि पाचला घडी घालावी, पावसाचे दिवस सोडून. ऑरिनने दोहोंपैकी एकीवरही बसू नये. तिच्या सात वर्षांच्या दुपारी त्याला मिळाल्या, माझ्या वाट्याला तिची रिकामी खुर्ची आणि दीड वर्ष आले. मला अजूनही हेवा वाटतो, आणि मेल्यावर कमी होईल अशी खात्री नाही. त्याला बादली आहे.

वरील मजकूर मी दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. ऑरिनही आला होता. त्याला साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला काही मिळते त्याला होता येत नाही, असे टपाल कचेरीतल्या रोझमेरीने त्याला सांगितले. कलम ७ ऐकल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे, बादली तर बादली," आणि उठताना त्याला टेबल धरावे लागले. दुसऱ्या प्रयत्नात उठला.

सही करण्यापूर्वी केलेली दुरुस्ती: कलम ७ मधील निळ्या खुर्चीपुरती अट मी काढून टाकत आहे. जॅनेलने त्या खुर्चीच्या चारही पायांखाली लाकडाचे ठोकळे ठोकून ती गुडघ्याला सोसेल इतकी उंच करून द्यावी. ठोकळे मी कापून ठेवले आहेत, शेडमध्ये कात्रीशेजारी आहेत. ऑरिनने माझ्या खुर्चीवर बसावे.

हिरवीला हात लावू नये.

सही: व्हर्लिन ओटो डेटमर
साक्षीदार: १. रोझमेरी प्लांक, टपाल कचेरी २. डुएन क्विस्ट, केशकर्तनकार
ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकीशी, टॅमरॅक फॉल्स
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२४, दुपारी पावणेतीन