पाचशेला शेवाळ, दीडशेला साखर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, गुडघे वाकतात तेवढा वाकून. तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून ते फक्त तुझ्यासमोरच खोकतात? मी खुशाल आहे, म्हणजे बघणाऱ्याला तसं वाटतं.

तुझ्या बेकरीची भट्टी सोडून मी प्रयोगशाळेच्या भट्टीवर आलो त्याला आठ महिने झाले. तिथे तू नेमकं करतोस काय, असं तू विचारलंस. मलाही ते समजून घ्यायचंच आहे, म्हणून सांगून बघतो. इथे एक बाई आहेत, वयाने तुझ्या थोरलीएवढ्या, त्या प्रबंध लिहिताहेत. त्या टाकीत शेवाळ वाढवतात, इतकं बारीक की डोळ्यांना नुसतं हिरवं पाणी दिसतं. ते गाळून, वाळवून पूड करायची, पूड होडीच्या आकाराच्या छोट्या भांड्यात घालून नळीच्या भट्टीत सारायची, नळीतली हवा नायट्रोजन सोडून हाकलायची आणि भट्टी तापवायची. हवाच नसल्यामुळे पूड पेट घेत नाही, तिची वाफ होते (का होते हे बाई सांगतात तेव्हा मी मान हलवतो). ती वाफ बर्फात ठेवलेल्या बाटलीत धरली की तळाशी काळपट तेल जमतं. याला पायरोलिसिस म्हणतात. पुढेमागे या तेलावर गाड्या चालतील म्हणे. सध्या ते चमचाभर निघतं.

आता घोटाळा ऐक. आपल्या धंद्यात आच कमी पडली तर पाव कच्चा राहतो आणि जास्त झाली तर त्याचा कोळसा होतो. जन्मभर मी एवढ्यावर निभावलं. इथे साडेतीनशे डिग्रीला होडीत कोळसाच जास्त उरतो आणि तेल थोडं निघतं. पाचशेच्या आसपास तेल सगळ्यांत जास्त. हे बघून मी आपलं भाबडेपणाने म्हटलं, मग सातशे करू. केलं, तर तेल घटलं. गेलं कुठे विचारलं तर बाई म्हणाल्या, फार तापलं की तेलाची वाफच फुटते, तिचा वायू होतो आणि तो निघून जातो. म्हणजे कमी आचेवर कोळसा आणि जास्त आचेवर हवा. ताई, मी तीन दिवस हे डोक्यात घोळवलं. चौथ्या दिवशी पाव कसा भाजतात तेही मला धड आठवेना.

एवढ्यावर भागतं तरी बरं होतं. गेल्या महिन्यापासून बाईंचं सगळंच गणित फिसकटलं. मीटरवर पाचशे ठेवावं तर तेल कमी, आणि चारशे तीसला भरपूर. शेवाळ तेच, टाकी तीच. मोठे सर (हे बाईंचे मार्गदर्शक, एक चष्मा नाकावर ठेवून दुसरा शोधत असतात) म्हणाले, शेवाळ बदललं असेल. बाईंनी टाकी घासून धुतली, शेवाळ नव्याने वाढवलं, तरी पुन्हा तेच. प्रबंध द्यायची तारीख दीड महिन्यावर आली होती. जेवायच्या सुट्टीत त्या डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. मला ते बघवेना.

मी म्हटलं, "बाई, मीटर पाचशे म्हणतो, पण भट्टी पाचशेची नाही. जास्त आहे."

"कशावरून?"

"तोंडाला झळ लागते त्यावरून."

"काका, झळ प्रबंधात लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या.

मग मला साखर सुचली. कोरडी साखर एकशे ऐंशीच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. बाई दुपारी वाचनालयात गेल्यावर मी होडीत चमचाभर साखर घातली आणि मीटर दीडशेवर ठेवून थोडा वेळ थांबलो. साखर पांढरी राहायला हवी होती. होडी ओढली तर तांबूस पाक. बाई परतल्यावर ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पाकाला चमचा टेकवून बघितला. मग भट्टी बंद करून ओणव्या झाल्या आणि नळीत बॅटरी मारली. उष्णता मोजणारी तार होडीला टेकायला हवी, ती चार बोटं मागे, थंड टोकाकडे सरकली होती. मीटर बिचारा तिथली खबर देत होता आणि होडीपाशी सत्तर डिग्री जास्त. त्यांचं चारशे तीस म्हणजे खरं पाचशेच होतं. शेवाळाने काही केलं नव्हतं. बाई हसल्या, मग तोंड धुवायला गेल्या आणि बऱ्याच उशिरा आल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की प्रबंधात माझे आभार छापायचे. टाळ्या झाल्या. मी खाली बघत उभा राहिलो. कारण ताई, महिन्यापूर्वी नळी पुसताना ती तार माझ्याच फडक्यात अडकून ओढली गेली होती. तेव्हा किरकोळ वाटलं. आता चूक शोधल्याचे आभार घ्यावेत, की केल्याची माफी मागावी, की दोन्ही एकदम करता येतं, काही कळत नाही. तू लहानपणापासून माझ्या चुका माझ्याआधी ओळखतेस, म्हणून तुला लिहिलं.

तुझा,
भाऊ

ता. क. पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. आज बाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मला ती तार लोंबताना दिसली होती, काका. मीच अंदाजाने आत ढकलली. मोजलं नाही." सोमवारी आम्ही दोघं सरांकडे जाणार आहोत. आधी कोणी बोलायचं यावरून वाद चालू आहे.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिलीच. सहा प्रयोग पुन्हा करायचे आहेत, त्याला शेवाळ वाळवायला हवं आणि इथलं वाळवणयंत्र बिघडलंय. तुझी भट्टी दुपारी रिकामी असते असं मी सहज बोलून गेलो. फक्त आठ ट्रे, साठ डिग्री. बाई फार चांगल्या आहेत, तुला आवडतील.

ता. क. ३. ओलं शेवाळ तापलं की कुजक्या मासळीचा वास येतो. दोन दिवसांत जातो असं इथले लोक म्हणतात (इथल्या लोकांना आता वासच येत नाही). भावोजींना एवढ्यात सांगू नकोस. टेम्पो गुरुवारी सकाळी निघतोय, आणि आज बुधवार आहे.