मैनाबाईच्या दारी

यॉर्कशायर, इंग्लंड
२ मार्च २०२५

ती. भाऊ,
सा. न. वि. वि.

सरपंच झालास, लय आनंद झाला. फोन न करता लिहून राह्यली, कारण फोनवर तू ‘सब ठीक’ म्हणून मोकळा होतोस. कागदावर तुले खोटं जमत नाई.

मी नर्स आहे त्या वृद्धाश्रमात तुह्यासारखाच एक माणूस आहे. पेन्रोज साहेब, वय अठ्ठ्याऐंशी. बाप कोळशाच्या खाणीत, आपल्या चंद्रपूरकडच्या लोकांसारखा. साहेब अठराव्या वर्षी फौजेत गेले, सोळा वर्षांनी गुडघ्यात छर्रे घेऊन परतले. मंग गावानं निवडून दिलं, बावीस वर्षं पार्लमेंटात बसले. चादरीची घडी अजून अशी घालतात का मलेच लाज वाटते. फौज सोडून तू सरपंच झाला म्हणून सांगितलं, तं ‘बिचारा’ एवढंच म्हणाले. मले रागच आला. बिचारा काऊन?

साधनावहिनीले म्हणावं, याच्या हाती शिट्टी देऊ नको, सारं गाव लाइनीत उभं करंन. समुद्रापार आहो म्हणून माया पातळ करू नको.

तुही पुनम


ता. आरमोरी
२१ मार्च

चि. पुनम,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुह्या साहेबाले माणूस कळते.

इथी मोहफुलं पडून राह्यली आणि जंगलात वाघ आहे. बाया थांबत नाईत, त्याईचं घर मोहावर चालते. वनखात्याचा गार्ड दोन दिवस थांबा म्हणत होता, मी त्याले हसलो. टोळ्या केल्या, शिट्ट्या वाटल्या, हरेक टोळीपुढं एक काठीवाला गडी नेमला. फौजी सरपंच म्हणून गाव खूश.

बारा तारखेले वाघानं मनसारामले नेलं. ज्यानं तुले तलावात पोहाले शिकवलं, थोच. त्याले पुढं मीच नेमलं होतं. मी तवा तहसीलमधी खुर्चीवर बसून चहा पिऊन राह्यलो होतो.

फौजेत माणसं गेली तवा मी बाजूले होतो, पुनम. हे येगळं आहे, झोप लागत नाई. नऊ दिवस झाले, त्याच्या बायकोच्या, मैनाबाईच्या दारी बसाले गेलो नाई. सरकारी मदतीचे कागद कोतवालाच्या हाती पाठवले. तिचं घर लागू नये म्हणून तलावाच्या पाळीवरून फिरून जातो. राजीनामा लिहिला आहे. देऊन टाकू का?

तब्येत जप, भावाले विसरू नको.

निकेश


यॉर्कशायर
१ एप्रिल

ती. भाऊ,
नमस्कार वि. वि.

तुहं पत्र वाचून ड्यूटीवरच रडली. साहेबांनी कारण विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं.  मंग त्यांनी आपलं सांगितलं.

दूरच्या लढाईत फौज धाडायची का, यावर पार्लमेंटात मत घेतलं. हा फौजी, यालेच कळते, असं साऱ्यांले वाटलं. साहेबांनी हो म्हटलं. त्यांच्याच गल्लीतल्या सुताराचा पोरगा तिथं मारला गेला, एकोणीस वर्षांचा. साहेबांनी त्याच्या मायले जाड कागदावर सुंदर पत्र लिहिलं. दारी गेले थे अकरा वर्षांनी. ती म्हणाली, त्या महिन्यात रोज तुमच्या वाट्याचा चहा ठेवला होता, आता नाई. आणि दार लोटलं. त्यानंतर साहेब निवडणुकीले उभे राह्यले नाईत. पेपरांनी मोठेपणा म्हटलं. ते म्हणतात, थे पळ काढणंच होतं.

तुह्यावर मलेही राग आहे, भाऊ. मनसारामकाका माहेही होते. जा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, तरी जीव लावत राहा.

पुनम


ता. आरमोरी
१२ एप्रिल

चि. पुनम,
आशीर्वाद वि. वि.

काल गेलो. मैनाबाई ओट्यावर मनसारामचं जाळं सांधून राह्यली होती. मी खाली बसलो. पाठ केलेलं सारं विसरलो. तिनं शिव्या दिल्या, शेजारच्या बायाईसमोर, दम लागेपर्यंत. तेरवीले काऊन नाई आला, म्हणाली. 

राजीनामा काढून दाखवला. कागदानं माणूस परत येते का, म्हणाली. घरात दाणा नाई, मोह सडून राह्यला. मंग जाळं खाली ठेवलं आणि म्हणाली, “त्याले तुमी पाठवलं. आता मले पाठवा. पन पुढं तुमी चाला.”

गार्डच्या घरी जाऊन माफी मागितली. थो सोबत येते. उद्या चांगलं उजाडल्यावर मोह वेचाले जंगलात निघतो, मी पुढं, मैनाबाई मागं. 

आशीर्वाद मोठ्यानं लहानाले द्यायचा असते. आज तू दे.

तुहा भाऊ
निकेश