फोनमधल्या नऊ ओळी

मेदनकरवाडी, चाकण
ता. ९ मार्च २०२५

तीर्थरूप आक्का यांस,
दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं आणि हे दारात ड्रम भरत उभे होते. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन. माझ्या बत्तीस डब्यांच्या चपात्या चालल्या होत्या. ड्रम भरून पाणी उंबऱ्यापर्यंत आलं तरी यांचं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, त्या फोनमधलीला सांगा फरशी पुसायला. हे हसले आणि स्वतःच फडकं घेऊन बसले. मग चहा घेतला, पहिल्या शिफ्टची बस धरली. दुपारी कंपनीतली माणसं दारात उभी राहिली. छातीत कळ आली आणि गेले, एवढंच सांगितलं. पुढचं सगळं तुम्ही पाहिलंत. मला मात्र यांचं ते फरशी पुसणंच आठवतं.

फोनमध्ये काय बघायचे ते चार महिन्यांनी कळलं. तुमचा निरंजन मागच्या आठवड्यात येऊन गेला, त्यानं उघडून दिलं. बिटकॉइन म्हणतात तसली नाणी म्हणे वेगवेगळ्या ठिकाणी विखरून ठेवलेली असतात, आणि या यादीत ती सगळी एका जागी दिसतात. नऊ ओळी आहेत. यांनी प्रत्येकीला नाव दिलंय. प्रेस, पेंट, स्टोअर, कॅन्टीन, अशी. शेवटची ‘घर’. ज्या ज्या खात्यात ओव्हरटाइम केला, त्याची त्याची पुंजी वेगळी ठेवली असावी. बेरीज चौदा लाखांच्या पुढे आहे आणि ती दर मिनिटाला बदलते. पैसे काढायचे कसे, ते निरंजनलाही उमगलं नाही. त्यानं तीच यादी आपल्या फोनवर घेतली आहे, तुम्हालाही बघता येईल.

मला अजून पैशाचं काही सुचत नाही. पण आकडा हलला की वाटतं, यांनीच काहीतरी केलं.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तिसरीनंतरचं माझं मीच शिकले, चुका सांभाळून घ्या. माया अशीच राहू द्या.

तुमची
दीपमाला

पाथरूड, ता. भूम
ता. २६ मार्च २०२५

चि. दीपमाला हिस,
आशीर्वाद. ‘सौ.’ लिहायला हात गेला होता, आवरला.

तुझं पत्र वाचून रडले. पण हे पत्र वेगळ्या कारणानं लिहिते आहे. रविवारी निरंजननं यादी दाखवली. पेंटच्या ओळीत सकाळी दोन लाख वीस हजार होते, दुपारी शून्य. काढता येत नाहीत असं तूच लिहिलं होतंस ना?

ज्योती आठ महिन्यांचा असताना आई गेली. मी दहा वर्षांची. त्या भावाला कडेवर घेऊनच मी मोठी झाले. मला त्याचा पैसा नको गं, पण एका शब्दानं विचारायचंस. खेड्यातल्या बहिऱ्या बाईला काय कळतंय, असंच ना? निरंजन म्हणतो, मामी तशी नाही. मी म्हटलं, तुला मामीची खीर लागलीय गोड.

अक्षय तृतीयेला ज्योतीच्या नावानं पाण्याची घागर भरायची आहे. ती मी भरीन. तू येण्याची तसदी घेऊ नकोस. आणखी काय लिहू.

चतुराबाई

मेदनकरवाडी, चाकण
ता. ६ एप्रिल २०२५

तीर्थरूप आक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना. मला आईबाप नाहीत. माहेर म्हणून तुमचंच दार होतं. म्हणून पैसे कुठे गेले ते कळेपर्यंत उत्तर लिहिलं नाही.

शिफ्ट सुटायच्या वेळी डबे घेऊन गेटवर गेले. यांच्याबरोबर एकाच बसनं जाणारे प्रेस शॉपचे रोहिदास भेटले. त्यांना यादी दाखवली. ते म्हणाले, वहिनी, ते पैसे पेंट शॉपच्या किसनचे. त्यानं गावच्या घराच्या स्लॅबसाठी विकले.

आक्का, आत फोन न्यायला बंदी आहे. कामगारांना तो गेटवर ठेवावा लागतो. हे बाहेर वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसायचे, त्यांना फोन वापरायला मिळायचा. म्हणून आठ जणांनी आपापल्या नाण्यांचे पत्ते यांना देऊन ठेवले होते. त्या पत्त्यावरून नुसतं बघता येतं, हात लावता येत नाही. हे दिवसभर सगळ्यांचे आकडे बघायचे. भाव चढला की चहाच्या सुट्टीआधी केबिनच्या खिडकीला पिवळा रुमाल अडकवायचे. तो रुमाल मी दर रविवारी धुवायचे आणि कंपनीत एवढा घाम येतो का म्हणून चिडवायचे. रोहिदास म्हणाले, जे आम्ही बायकांना सांगितलं नाही, ते ज्योतीरामभाऊंना माहीत होतं.

मग मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुमच्या दारात बसायला आलो तेव्हा यादीतले पैसे आमचे आहेत असं कुठल्या तोंडानं बोलणार होतो.

आपली फक्त ‘घर’ ही ओळ. त्यात एकोणीस हजार चारशे. तेही निघणार नाहीत. त्याला बारा शब्दांची किल्ली लागते. कागदावर लिहू नका, पाठ करा, असं हे सगळ्यांना बजावायचे. स्वतःही तेच केलं.

तुमचा राग आला, खोटं कशाला लिहू. पण लोकांच्या पैशांत महिनाभर यांची चाहूल शोधत बसले होते मीही. हे वाचून जसं वाटेल तसं कळवा, पण कळवा.

तुमची
दीपमाला

पाथरूड
ता. १७ एप्रिल २०२५

चि. दीपमाला हिस,
पोटभर आशीर्वाद.

माझं मागचं पत्र चुलीत घाल. मी गावात चौघींना सांगून बसले होते की भावजयीनं पैसे लपवले. आता त्याच चौघींकडे जाऊन खरं सांगून आले. एक म्हणाली, म्हणजे काहीच नाही का मागे ठेवलं त्यानं? मी चपला घातल्या आणि घरी आले.

निरंजनकडून ‘घर’ची ओळ रोज बघते. वरखाली होते. ज्योती लहानपणी झोपेत हालचाल करायचा, मी हात ठेवला की शांत व्हायचा. ती ओळ राहू दे असं वाटतं. पण माझ्यासाठी ती उरावर बाळगू नकोस. तुझं तू ठरव.

घागर तुझ्या हातची हवी. ये. नाही आलीस तरी रागवणार नाही, तो हक्क मी घालवला.

तुझी
आक्का

मेदनकरवाडी, चाकण
ता. २७ एप्रिल २०२५

तीर्थरूप आक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शुक्रवारी मिळालं. चुलीत घालायचं तेवढं घातलं, हे ठेवलं.

लोकांच्या आठ ओळी रोहिदासांनी पत्र येण्याआधीच माझ्यासमोर यादीतून काढून टाकल्या होत्या. बारा लाखांचे एकोणीस हजार व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. खाली एकच ओळ राहिली. शुक्रवारी दिवसभर चपात्या लाटताना ती समोर ठेवली. दुपारी चाळीस रुपयांनी चढली आणि मला आनंद झाला. तेव्हा माझीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे पोचवून आले, ‘घर’ची ओळ पुसली, आणि घागरीसाठी मंगळवारच्या भूमच्या गाडीचं तिकीट काढलं. हे पत्र हातातच देईन.

तुमची
दीपमाला